ओढ्यात धावून आलेल्या त्या दोघांचे आभार

लहानपणापासून ट्राउट या गार, वाहत्या पाण्यातल्या माशाचं वेड आहे मला, तेही मूळच्या त्याच पाण्यातल्या, बाहेरून आणून सोडलेल्या नाही. त्या दिवशी ब्रुक ट्राउट लागला, निळ्या वलयातले लाल ठिपके बघत जाळीत घेतला आणि पायाखालचा दगड सरकला, पाय दोन दगडांत अडकला, गुडघा पिरगळला, कमरेएवढं गार पाणी, हलताच येईना.

वरच्या अंगाला गळ टाकणारे दोघं रॉड काठावर टाकून धावत आले. दादांनी मला काखेत धरून प्रवाहाचा जोर स्वतःच्या पाठीवर घेतला, ताईंनी खांद्यापर्यंत हात बुडवून दगड हलवला, पाय सुटला. आणि हे सगळं करताना माझ्या जाळीची दांडी ताईंनी काखेत दाबून मासा पाण्यातच ठेवला होता! पाणी गार होतं म्हणून तगला, पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की या माशाला त्रासच होतो. मग ओल्या हातांनी (कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो) गळ काढला, तोंड प्रवाहाकडे धरलं, तो जोरात निघून गेल्यावर मला म्हणाल्या, "गेला हो, मस्त पोहत गेला."

गडबडीत नावं विचारायची राहिली. दादा, ताई, गुडघा बरा होतोय, खूप खूप आभार तुमचे, माझ्याकडून आणि त्या माशाकडूनही.