बाळकृष्णाचं टोपडं

लर्विक, शेटलंड बेटं, स्कॉटलंड
१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

माझ्या वॉर्डातला एक मुलगा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय. त्याच्या बॅगेत मला अर्ध्या किलोची जागा मिळाली आहे. पुण्याहून वाईला दादा आणून देईल. म्हणजे हे पत्र उघडशील तेव्हा शेजारी एक कापडी पिशवी असेल, आणि पत्राच्या आधी तू पिशवीतच हात घातलेला असशील. असू दे. आता सगळं मांडीवर घे आणि वाच.

मागच्या महिन्यात फोनवर म्हणालीस, "मेंढ्यांच्या गावात जाऊन राहिलीस आणि तीन वर्षांत एक धड स्वेटर झाला नाही तुझ्याच्यानं!" मी हसण्यावारी नेलं. उत्तर लांबलचक होतं आणि तुझ्या मालिकेची वेळ झाली होती.

स्वेटर झाला नाही हे खरं. पाठ झाली, पुढची बाजू काखेपर्यंत आली आणि गेल्या हिवाळ्यापासून तो कपाटात बसलाय. मोठं काम एकदा बाजूला पडलं की कपाट उघडायचीही लाज वाटते. पण रात्रपाळीहून आल्यावर डोळा लागेपर्यंत मधे जो तासभर असतो ना, त्यात मनगटपट्टी दोन बोटं पुढे सरकते. चार दिवसांत एक मनगट, आठ दिवसांत जोडी. बाहेर अजून उजाडलेलं नसतं, हातातलं मात्र संपलेलं असतं. डिसेंबरात इथे दिवस सहा तासांचाही नसतो, तेव्हा संपलेली वस्तू हातात असणं किती बरं वाटतं ते तुला वाईच्या उन्हात बसून कळायचं नाही.

इथे 'लहान'ला 'पीरी' म्हणतात. पीरी पोर, पीरी कप, पीरी टोपी. विणकामाला 'मकिन' आणि सुयांना 'वायर'. हे सगळं मला पलीकडच्या घरातल्या आजींनी शिकवलं. त्र्याऐंशीच्या आहेत. कमरेला कातडी पट्टा बांधतात. त्याला एक भोकाभोकांची उशी असते, आत घोड्याचे केस ठासून भरलेले. उजव्या सुईचं टोक त्या भोकात खोचलं की सुईचा भार हातावर येत नाही. तू सुई काखेत दाबून विणतेस, त्यातलाच प्रकार. मी तुझी पद्धत करून दाखवली तर म्हणाल्या, "पट्टा घ्यायला पैसे नव्हते वाटतं?" मी म्हटलं, काख फुकट होती.

गेल्या जूनमध्ये त्यांनीच मला एका मेंढीची अख्खी लोकर दिली. शेटलंडची मेंढी चणीनं लहान, जवळजवळ आपल्या शेळीएवढी, त्यामुळे अख्खी म्हणजेसुद्धा किलो-सव्वा किलो. या जुन्या जातीच्या मेंढ्या उन्हाळ्याच्या तोंडी आपण होऊन लोकर सोडायला लागतात. पूर्वी कात्री न लावता हातानंच ती सोडवून घेत. रंगांना तर किती नावं! तांबूस तपकिरी ती 'मूरिट', जुन्या खारकेचा रंग असतो तसा. गडद पोलादी करड्याला म्हणतात 'शेला'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकून मागे पाहिलं. माझी लोकर मूरिट. तुझ्या मनगटपट्ट्या त्याच्याच आहेत, रंगवलेल्या नाहीत. मेंढी होती तशीच.

धुण्याची गंमत ऐक. लोकरीला मेंढीच्या अंगचं मेण असतं, त्याला कढत पाणी लागतं. पण पाण्यात ढवळाढवळ केलीस की संपलं, सगळ्याचा नमदा होतो, तंतू एकमेकांत अडकून घट्ट जाड थर. नुसती बुडवायची, सोडून द्यायची, अलगद उचलायची. कपडे आपटून धुवायची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे भारी कठीण. पहिला घमेलाभर माल मी घालवलाच. त्या नमद्याचं काय केलं ते खाली सांगते.

मग काढली आजोबांची सूत कातायची टकळी. हो, मीच घेऊन आले होते ती, तुला न विचारता. पितळी चकतीची. आजोबा चार फुटांचा एक तार धरून मोजायचे, ६४० तारांची एक गुंडी. मी मधेच बोलले तर हातानंच गप्प करायचे, आठवतं? मला वाटलं आता सुतावरून स्वर्ग गाठू. कसलं काय. टकळी कापसाची. पेळूतला, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतला, आखूड तंतू तिच्या वेगानं सरसर निघतो. लोकरीचा तंतू लांब. त्याला आधी पिंजून, ओढून, सैल करून द्यावं लागतं, आणि मला जाड धागा हवा होता, त्याला हलकी टकळी पुरी पडेना. शेवटी लाकडाची एक जड चाती घेतली, हवेत लोंबकळत फिरते ती. पहिला धागा म्हणजे एका जागी शेवई, एका जागी कुरडई. मी उलगडून टाकणार होते. आजी म्हणाल्या, टाकू नकोस, पुढे तुला इतका वाईट धागा मुद्दाम काढायचा म्हटलं तरी निघणार नाही. खरंच निघत नाही आता. तो धागा मी आतोबांच्या चष्म्याच्या घराला वापरलाय. त्या गाठी दिसतात ना, ते नक्षीकाम नाही.

आता हिशेब सांगते, म्हणजे स्वेटर का झाला नाही ते कळेल. दुकानातला दोनपदरी बारीक लोकरीचा पंचवीस ग्रॅमचा गुंडा ११५ मीटर भरतो. माझी हातकताईची वीस ग्रॅम, दोन पदर पिळून, धुऊन, वाळवून झाली की जेमतेम पंचेचाळीस मीटर. एका बैठकीतल्या वीस ग्रॅमचा पीळ आणि पुढच्या आठवड्यातल्या वीस ग्रॅमचा पीळ सख्ख्या बहिणींसारखेही दिसत नाहीत. स्वेटर विणला तर छातीवर एक मूड, पोटावर दुसरा. पण वीस ग्रॅमची एक मनगटपट्टी विणली की तो वेडावाकडा धागाच शोभून दिसतो. साधा सुलट टाका पुरतो, नक्षी घातलीस तर धागा आणि नक्षी भांडतात. तुझ्या पट्ट्यांना छत्तीस टाके आहेत. कडेला एक सुलट एक उलट, बाकी काही नाही.

जोडी विणताना मी आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडा तोलून दोन सारखे भाग करते, नाहीतर डावा हात लांब आणि उजवा आखूड. आणि टाके बंद करायला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा राखून ठेवते. तू हे सगळं डोळ्यांनी करतेस. मला काटा लागतो.

उरलेल्या लोकरीचं वेड मात्र इथल्या रंगीत विणकामामुळे लागलं. शेटलंडच्या दक्षिणेला समुद्रात फेअर आयल नावाचं बेट आहे, जेमतेम पन्नास-साठ वस्तीचं. तिथली ती पट्ट्यापट्ट्यांची नक्षी तू मासिकांत पाहिली असशील. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या युवराजांनी गोल्फ खेळताना तसला स्वेटर घातला आणि मग ज्याला त्याला तो हवासा झाला. दिसायला दहा-बारा रंगांची गर्दी वाटते, पण एका ओळीत रंग दोनच असतात. एखादा पिवळा दोन ओळी दिसतो आणि गायब होतो. म्हणजे त्या पिवळ्याचे चार-पाच मीटर असले तरी टोपीला पुरतात! माझ्या डब्यात कुणाकुणाच्या उरलेल्या पीरी गुंड्या आहेत, लिंबाएवढ्या, बोराएवढ्या. दादाची कानपट्टी अशा नऊ गुंड्यांची आहे. धागा संपला की दोन्ही टोकं पिंजून, थुंकीनं ओली करून तळहातांत चोळायची, गाठ न मारता एकजीव होतात. (दादाला हे सांगू नकोस.) खऱ्या लोकरीलाच हे जमतं, आपल्याकडच्या ॲक्रिलिकला जन्मात जमायचं नाही.

हे सगळं लिहिताना मला सारखं वाटतंय की तू म्हणशील, "हिला विणकामाचं कौतुक, कारण हिला त्याच्यावर पोट भरायचं नाही." म्हण. इथल्या बायकांनीही तेच म्हटलं असतं. पाठीवर जळणाची पाटी आणि चालता चालता हातात विणकाम, असे त्यांचे जुने फोटो पाहिलेत मी. शाल विणून दुकानात नेली की रोख पैसे मिळायचे नाहीत, बदल्यात चहा नाहीतर कापड. तेही दुकानदार ठरवेल त्या भावानं. शेवटी सरकारनं चौकशी लावली, १८७२ साली तिचा अहवाल आला, बायकांनी त्यात स्वतः जबान्या दिल्या आहेत. त्या वाचताना तू आठवलीस. तुझ्या त्या दुकानदारानं दोन स्वेटरांची मजुरी थकवली होती आणि दिवाळीच्या तोंडावर पैशांऐवजी लोकरीचे गुंडे हातात ठेवले होते. नारिंगी आणि बाटलीसारखा हिरवा. कुणी घेत नव्हतं म्हणून पडून राहिलेला माल. तू घरी येऊन पिशवी भिंतीवर फेकलीस आणि दुसऱ्या दिवशी टाके घातलेस. त्या वर्षी आम्ही चारही पोरं नारिंगी-हिरवी होतो. शाळेत मला 'गाजर' म्हणत. मी तो स्वेटर पावसात मुद्दाम विसरून यायचे आणि कुणीतरी प्रामाणिक मूल तो आणून द्यायचं.

तर आनंदाचं म्हणशील, तर तो मला परवडतो म्हणून आहे. मजुरी नाही, माप नाही, गिऱ्हाईक नाही. उरलेली लोकर तोलून परत मागायला कुणी येत नाही. तुझ्याकडे मात्र एक जाडी बाई यायच्या ना, छोटा काटा घेऊन? वीस-वीस ग्रॅम मोजून न्यायच्या. त्यांची मला इथे फार आठवण येते, काटा लावते तेव्हा.

आता नमद्याचं. तो मी वाळवून कापला आणि कडेनं टाके घालून गरम भांडं धरायची दोन फडकी केली. लोकर सुती फडक्यासारखी चटकन पेटत नाही, तेव्हा बिनधास्त वापर. फक्त आमटीत बुडवू नकोस. बाकी गुडघ्याच्या पट्ट्या तुझ्या आहेत, आतोबांच्या नाहीत. ते मागतील, देऊ नकोस, त्यांच्यासाठी पुढच्या खेपेला. लांब चपटी पट्टी ही पोथीत ठेवायची खूण.

सगळ्यात लहान, पाच ग्रॅमचं, ते देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं टोपडं. पंढरीच्या विठोबाला थंडीत कानपट्टी आणि शाल मिळते, आपल्या बाळकृष्णानं काय पाप केलंय? सोवळ्याची काळजी नको. आपली आजी लोकरीची धाबळी नेसूनच स्वयंपाक करायची, लोकरीला विटाळ नाही असं तीच म्हणायची. ही तर माझ्या हातानं कातलेली. वरचा गोंडा जरा मोठा झालाय, मोरपीस खोचायला तेवढीच जागा. टोपड्याच्या काठाची हिरवी ओळ नीट बघ. ओळखलीस? येताना तुझ्या ट्रंकेतून मी एक गुंडी उचलली होती, टकळीबरोबरच. तो दुकानदाराचा हिरवा. त्या रंगासारखा हिरवा इथे कुठेही मिळत नाही, मी शोधला.

ट्रंकेत अजून काय काय उरलंय ते दादाबरोबर पाठव. बोराएवढी गुंडी असली तरी चालेल. नारिंगीही.

आतोबांना नमस्कार, छोट्यांना पापा.

तुझी,
चिमी

ता. क. — लिहू की नको असं चाललं होतं, पण उद्या फोनवर तोंडातून निसटेल, त्यापेक्षा आत्ताच. इथे सकाळी उकडलेलं अंडं गार होऊ नये म्हणून त्यालाही टोपी घालतात. आजींनी मला त्या टोपीचं माप दिलं होतं, चोवीस टाके. बाळकृष्णाचं टोपडं त्याच मापाचं आहे. लोकर नवीन आहे, टोपडं कुठल्याही अंड्यानं घातलेलं नाही, शपथ. गुरुजींना सांगू नकोस.