शहाजिरं, काळं जिरं आणि कलौंजी एक नव्हे हो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सोलापूरचा किराणा दुकानदार. वडिलांनी सुरू केलेलं दुकान आहे, पेपर रोज गल्ल्यावर बसूनच वाचतो, पण पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत व्हेज दम बिर्याणीची रेसिपी आली होती. फोटो झकास होता. पण साहित्यात लिहिलं होतं, शहाजिरे म्हणजेच काळे जिरे म्हणजेच कलौंजी, १ चमचा. आणि खाली चौकटीत माहिती दिली की जिरं मूळचं मेक्सिकोचं, पोर्तुगीजांनी मिरचीबरोबर आपल्याकडे आणलं. आता रेसिपी लिहिणाऱ्या ताईंबद्दल माझ्या मनात काही नाही, पण सोमवारी सकाळी शटर वर केल्यापासून बायका कात्रण घेऊन नाहीतर मोबाईलमध्ये फोटो काढून येताहेत की काका, बिर्याणीची कलौंजी द्या. मी म्हणतो ताई बिर्याणीला शहाजिरं लागतं, तर म्हणतात पेपरात आलंय. पेपरात आलंय म्हटल्यावर दुकानदार खोटा! सहा महिन्यांत अर्धा किलो खपणारी कलौंजी मंगळवारी दुपारी संपली.

तर आधी माल काय ते सांगतो, कारण बरण्या माझ्यासमोरच आहेत. साधं जिरं मातकट पिवळं, अंगावर उभ्या रेघा, जवळून बघितलं तर बारीक लव दिसते. शहाजिरं त्याहून बारीक, गडद तपकिरी आणि जरा वाकडं, चंद्रकोरीसारखं, चोळलं की गोडसर धुरकट वास येतो. ते आपल्या उन्हातान्हात येत नाही, हिमाचलात किन्नौरकडे आणि काश्मिरात थंड डोंगरावर येतं म्हणून महाग. (स्वस्तात शहाजिरं म्हणून जे देतात ते बऱ्याचदा कॅरवे असतं, चुलतभाऊच समजा, पण तो वास नाही.) कलौंजी काळीकुट्ट, तीन कोनांची, कांद्याच्या बियांसारखी दिसते, नानवर भुरभुरतात ती. जिरं, शहाजिरं, ओवा, बडीशेप, धणे, अगदी गाजरसुद्धा, हे सगळं एकाच घराण्यातलं, छत्रीसारखा फुलोरा येणारं. कलौंजी त्या घराण्यात बसतच नाही.

गोंधळ होतो तो नावामुळे. बंगाली माणूस 'कालो जिरे' म्हणतो ती कलौंजी, त्यांच्या पाचफोडणमध्ये पडते. हिंदीवाला 'काला जीरा' म्हणतो ते बहुतेक वेळा शहाजिरं. आणि आपल्याकडे जुनी माणसं काळं जिरं म्हणतात ते कधीकधी कडू जिरं, जे जंतावर देतात! म्हणजे एकाच नावाच्या तीन पुड्या. मागं एकदा आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना मसालेभातासाठी काळं जिरं पाहिजे होतं, माझं दुकान बंद होतं म्हणून त्यांनी काष्ठौषधीच्या दुकानातून आणलं, त्या माणसाने त्याच्या हिशोबाने बरोबरच दिलं, कडू जिरं. दोन किलो तांदळाचा भात, पंधरा माणसं जेवायला. एका घासाला सगळे गप्प झाले म्हणे. वरून तूप वाढून बघितलं, दही वाढून बघितलं, शेवटी वडापाव मागवले.

आणि ही सगळी वेगवेगळी आहेत याचा पुरावा बाहेर कुठं शोधायलाच नको. एप्रिल मे मध्ये काळा मसाला, गोडा मसाला करायच्या वेळी बायका ज्या याद्या आणतात, सासूच्या हातच्या, तेलाचे डाग पडलेल्या, त्यात जिरं वेगळं आणि शहाजिरं वेगळं लिहिलेलंच असतं, शेजारी दगडफूल, नागकेशर, बाद्यान, रामपत्री. कलौंजी त्या याद्यांत मला तरी कधी दिसलेली नाही.

फसणारे आपण एकटेच नाही हे मात्र खरं. माझा पुतण्या जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे. पहिल्या महिन्यात त्याने सुपरमार्केटमधून 'क्युमल' लिहिलेली बाटली आणली, जिऱ्याला इंग्रजीत कुमिन म्हणतात तसंच नाव, दिसायलाही जिऱ्यासारखं, आणि तुपात घालून जीरा राइस केला. रात्री व्हिडिओ कॉल, काका भाताला पावासारखा वास येतोय. ते कॅरवे होतं, तिकडं राय नावाच्या धान्याच्या पावात आणि कोबीत घालतात. आपल्या जिऱ्याला ते 'क्रॉइत्सक्युमल' म्हणतात. स्वीडनमध्येही हीच तऱ्हा, नुसतं कुमिन म्हटलं की कॅरवे देतात. पुढं तो हॉलंडला फिरायला गेला तेव्हा लायडन गावाच्या नावाचं चीज घेऊन आला, त्यात मात्र अख्खं खरं जिरं. आमच्या मातोश्रींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, चांगलंय की रे, फक्त फोडणी गार झालीय.

तेव्हापासून मला नादच लागला, दुपारी गिऱ्हाईक नसलं की जिऱ्याचंच वाचत बसतो. अर्धं जग जिऱ्याला कमून म्हणतं आणि अर्धं जग जिरा. अरबीत कम्मून, ग्रीकमध्ये क्युमिनॉन, त्यावरून लॅटिन, त्यावरून इंग्रजी कुमिन आणि स्पॅनिश कोमिनो. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर ज्या पाककृती सापडल्या, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या, त्यातही हेच 'कमूनु'. आणि इकडं इराणात झीरे, उझबेक लोकांत झिरा, आपल्याकडं जिरं, आणि तेच नाव चीनच्या वायव्य टोकाच्या शिनजियांगमधल्या उइघुर लोकांकडून बाकीच्या चीनमध्ये गेलं, शिनजियांगच्या मटणाच्या सळ्यांवर तिखटाबरोबर पचापच टाकतात. आपल्या शब्दाचं मूळ संस्कृत जीरक, म्हणजे जिरवणारं. अन्न जिरतं ते जिऱ्यानं, एखाद्याची जिरवतात ती वेगळ्या पद्धतीनं!

म्हणजे मेक्सिकोची गोष्ट उलटी आहे. मिरची, टोमॅटो, मका तिकडून इकडं आले, ते खरं. जिरं मात्र इकडून तिकडं गेलं. त्याचं मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं आणि इराणपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातलं, स्पॅनिश लोक ते जहाजातून अमेरिकेला घेऊन गेले. टेक्सासमध्ये चिली कॉन कार्ने म्हणून खिम्याचं कालवण करतात त्याला जो वास येतो तो जिऱ्याचाच, तिकडच्या चिली पावडरच्या डबीतसुद्धा मिरचीबरोबर जिरं दळलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं जिरं तिथलंच. पोर्तुगीज आले तेव्हा आपल्या आज्या फोडणीच देत होत्या. आणि मोरोक्कोत तर टेबलावर मिठाशेजारी जिऱ्याची पूड ठेवतात, उकडलेलं अंडं तिच्यात बुडवून खातात. मी करून बघितलं. फार बेस्ट लागतं, एकादशी सोडून कधीही करा.

एकादशीवरून आठवलं, आपल्याकडं उपासाला मोहरी चालत नाही, हिंग हळद चालत नाही, पण जिरं चालतं. साबुदाण्याच्या खिचडीला तूप, जिरं, मिरची झालं की काम भागतं. श्रावणात माझ्याकडं जिऱ्याचा खप जो वाढतो तो यामुळेच. आणि ते तुपात टाकायची पण एक वेळ असते. तूप तापलं की जिरं टाकायचं, ते फुलून वर येतं, रंग एक छटा गडद होतो, त्याच क्षणी पुढचा जिन्नस पडला पाहिजे. मोहरी तडतडायला वेळ घेते म्हणून रोजच्या फोडणीत आधी मोहरी आणि मग जिरं. उलट केलं की जिरं करपून कडू आणि मोहरी कच्ची. हे पुरवणीत कुणी लिहीत नाही, डायरेक्ट लिहितात फोडणी करून घ्यावी.

भावाचं पण बोलतो, कारण २०२३ साली लोक मलाच शिव्या देत होते. जगातलं निम्म्याहून जास्त जिरं भारतात पिकतं आणि ते बहुतेक सगळं गुजरात राजस्थानात. बाजार म्हणजे मेहसाणा जिल्ह्यातलं उंझा. तिथं सौदा झाला की आमच्या मोबाईलवर भाव हलतो. साडेतीन चार महिन्यांचं पीक, थंडीत पेरतात आणि फेब्रुवारी मार्चमध्ये काढतात, पण नाजूक इतकं की काढणीच्या तोंडावर आभाळ आलं, धुकं पडलं, अवकाळी झाला की करपा येऊन शेतच्या शेत जातं. त्या वर्षी आधीचा साठा कमी, वरून मार्चमध्ये पाऊस, आणि उंझ्यात क्विंटलचा भाव ६०,००० च्या वर गेला. मी पन्नास ग्रॅमच्या पुड्या बांधायला लागलो. एक आजोबा म्हणाले, काय रे, दाणे मोजून देतो का? आता गंमत बघा, ग्रीक लोकांत कंजूष माणसाला खरंच 'जिरं चिरणारा' म्हणायचे, आणि अँटोनायनस पायस नावाच्या रोमन बादशहाला लोक याच नावाने चिडवायचे. मी आजोबांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर चार दाणे जास्त टाकून घेतले.

भाव चढला की भेसळ आलीच. २०१९ ला दिल्लीत बवानाला कारखाना पकडला होता, झाडूच्या गवताचं बी, गुळाचं पाणी आणि दगडाची पावडर, झालं जिरं तयार! तळहातावर घेऊन जरा ओल्या बोटानं चोळा, रंग सुटला आणि वास नाही आला की परत करा, माझ्या दुकानातून नेलेलं असलं तरी.

बाकी आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात या, तेलुगू पद्मशाली समाजाचं लग्न बघा. मुहूर्ताला नवरा नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं आणि गूळ वाटून केलेला गोळा दाबून धरतात, जीलकर्र बेल्लम म्हणतात त्याला. लग्नसराईत सकाळी सहाला मुलीचे मामा येऊन शटर वाजवतात, पाव किलो जिरं द्या, निवडलेलं द्या. वर्षानुवर्षं बघतोय, त्या दिवशी कुणी भाव विचारत नाही. आता विचार करा, पेपर वाचून एखाद्या मामाने तिथं कलौंजी नेली तर!

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी, शहाजिरं वेगळं, कलौंजी वेगळी, आणि जिरं मेक्सिकोचं नाही. मी कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवतो, म्हणजे वाद मिटला. फक्त एक अडचण झालीय. मंगळवारी माल संपला म्हणून मी होलसेलवाल्याला पाच किलो कलौंजीची ऑर्डर देऊन बसलोय आणि ती काल आली. तेव्हा दुरुस्तीच्या शेजारी घरच्या तव्यावर होणाऱ्या नानची एखादी रेसिपी टाकता आली तर बघा.

आपला नेहमीचा वाचक,
एक किराणा दुकानदार, सोलापूर