मॅडम, यंदा आंबिया बहाराची संत्री मी खाल्ली

ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या मॅडम,

रोज इतकी तोंडं तपासता, तेव्हा वरुडकडचा तो संत्रावाला तुम्हाला आठवत नसेल. "दात उपटूनच टाका, मॅडम, झंझट नको," असं म्हणणारा मी.

घरची बाग, अन् दोन वर्षं मला संत्र्याची फोड तोंडात घालता येत नव्हती. माठातलं पाणीही मान वाकडी करून एका बाजूनं प्यायचो. दात आंबले की मी आणखी जोरानं घासायचो. कडक ब्रश, वरून राखुंडी अन् मीठ. तुम्ही कीड नसल्याची खात्री केली, मग आरसा हातात देऊन मागं सरकलेल्या हिरड्या दाखवल्या. "भाऊ, संत्र्याच्या बुंध्याशी खोल खणलं की मुळ्या उघड्या पडतात ना? तेच केलंत." दाताच्या कवचाखालच्या थरात बारीक नळ्या असतात, थंड-आंबट लागलं की त्यातला द्रव हलतो अन् आतल्या नसेला कळ लागते, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मला मुळ्यांवरच कळलं होतं.

मऊ ब्रश, हलका हात. दात आंबणं कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन वेळा, फेस थुंकायचा पण खळखळून चूळ भरायची नाही. रात्री तीच पेस्ट दुखऱ्या जागी बोटानं लावून झोपायचं. आंबट खाल्लं की साध्या पाण्यानं चूळ, ब्रश मात्र अर्ध्या तासानं. हे अर्ध्या तासाचं मला उलटंच वाटलं होतं. आंबटानं कवच नरम पडतं अन् लगेच घासलं तर झिजतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आठवड्यात फरक दिसेना, तेव्हा पेस्ट फेकणार होतो. "दोन ते चार आठवडे लागतात," हे तुमचं बोलणं बायकोनं लक्षात ठेवलं होतं, म्हणून ट्यूब वाचली. तिसऱ्या आठवड्यात माठाचं पाणी सरळ प्यायलो.

तंबाखू-सुपारीचा खर्रा अजून पुरता सुटला नाही, खोटं कशाला बोलू. सुपारीनं दात झिजतात म्हणून रागावला होतात. सध्या दिवसाला एकावर आलोय. एकाच दातात ठणका राहिला किंवा रात्री झोपमोड झाली, तर पेस्टच्या भरवशावर न बसता तुमच्याकडं येईन.

बाबांसाठीही मऊ ब्रश आणलाय. अजून पाकिटातच आहे, ते राखुंडी सोडायला तयार नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन येतो, तुम्ही मुळ्यांचं सांगा.

तुमचा,
वरुडकडचा संत्रावाला