उधेवाडीच्या मामा-मामींस जाहीर आभारपत्र

आदरणीय मामा आणि मामी यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेल्या तुमच्या उधेवाडीत आमची पुण्यातली चार कुटुंबे बरीच वर्षे मुक्कामाला येत आहेत. निघताना दर वेळी घाई असते, कोणाचा तरी बूट सापडत नसतो आणि "येतो मामा" एवढे बोलून आम्ही गाडीत बसतो. बोलायचे राहून गेलेले एकदा नीट लिहावे आणि ते चारचौघांतही सांगावे, म्हणून हे पत्र.

मामींच्या हातच्या पिठल्या-भाकरीबद्दल आणि खर्ड्याबद्दल राजमाचीला जाऊन आलेला प्रत्येक जण बोलतो, त्यामुळे त्यात आम्ही भर घालत नाही. आमचे आभार आहेत ते तुम्ही आमच्या मुलांना कधीही पाहुणे मानले नाही यासाठी.

मुले बालवाडीच्या वयाची होती, तेव्हा लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटरची ती कच्ची वाट आम्ही जीपने यायचो आणि निम्म्या वाटेवर एखाद्याला उलटी व्हायचीच. पोहोचल्यावर आम्ही आई-बाप डास, विंचू आणि दुधाची बाटली यांतच गुंतलेले असायचो, आणि तुम्ही मात्र पहिल्याच संध्याकाळी एकेकाला काम वाटून द्यायचात. लहानांनी काटक्या गोळा करायच्या, त्याही खाली पडलेल्याच. ओल्या फांदीला हात लावायचा नाही. जरा मोठ्यांनी तंबूची जागा निवडायची, आणि कोकणातून वर चढणारा वारा कुठून येईल याचा अंदाज बांधूनच तंबूचे तोंड ठरवायचे. एकाने खुंट्या सरळ ठोकल्या होत्या. तुम्ही त्यातली एक दोन बोटांनी अलगद उपटून दाखवलीत, काहीही न बोलता दगड पुन्हा त्याच्या हातात दिलात आणि खुंटीचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते धरून उभे राहिलात. तो आता कॉलेजात आहे आणि अजूनही प्रत्येक खुंटी ओढून बघितल्याशिवाय झोपत नाही.

मृगाच्या आधीच्या काजव्यांच्या रात्रीही तुमच्यामुळेच मुलांना खऱ्या अर्थाने बघता आल्या. बॅटरीला लाल कागद गुंडाळायचा, झाड हलवायचे नाही आणि काजवा बाटलीत भरायचा नाही, हे नियम तुम्ही आधी आम्हा मोठ्यांना लावलेत. काजव्यांचे आयुष्य बहुतेक मातीत, अळीच्या रूपात गोगलगायी खात जाते; पंख फुटल्यानंतर मिळणाऱ्या थोड्या आठवड्यांत नर-मादी प्रकाशाच्या खुणांनीच एकमेकांना शोधतात, त्यामुळे आपला झगझगीत उजेड त्यांच्या आड येतो, ही माहिती मुलांनी पुढे पुस्तकात वाचली. तोवर अंधारात गप्प बसण्याची सवय त्यांना लागलेली होती. (शेजारच्या माळावर स्पीकर लावणाऱ्या आणि गाडीचे दिवे झाडांवर सोडणाऱ्या मोठ्या माणसांना ती कोण लावणार, हा प्रश्न आहेच.)

सर्वांत अवघड काळ नववी-दहावीचा होता. थोरली तेव्हा येते म्हणायची ती केवळ नाइलाज म्हणून, आणि आल्यावर तंबूत मोबाइल घेऊन पडून राहायची. आम्ही समजावून, रागावून, शेवटी भांडून पाहिले. तुम्ही तिला एवढेच म्हणालात, "उद्या बारक्यांना श्रीवर्धनवर तू ने. मी मागून येतो, पण बोलणार नाही." दुसऱ्या दिवशी दोन्ही किल्ल्यांमधल्या भैरवनाथाच्या देवळापाशी तिने सगळ्यांना ओळीत उभे करून मोजले, पाण्याच्या बाटल्या तपासल्या आणि वर वारा फार आहे म्हणून सर्वांत धाकट्याचा हात स्वतः धरला. माथ्यावरून ढाकचा डोंगर आणि उल्हास नदीची दरी तिनेच त्यांना दाखवली. खाली आल्यावर तुम्ही तिचे तोंडभर कौतुक केले नाहीत. जेवताना फक्त विचारलेत की उतरताना ती मागे का चालत होती, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घेतलेत. मुले मोठी झाली की सहली बंद पडतात, असे आमच्या ओळखीतली अनेक कुटुंबे सांगतात. आमच्या पडल्या नाहीत, कारण वाढत्या वयाबरोबर प्रत्येकाला तुमच्या अंगणात वाढते काम मिळत गेले, आणि एका वर्षी ज्याला सांभाळावे लागले तोच पुढे सांभाळणारा झाला.

यात चार घरांची मुले एकमेकांची भावंडे झाली, हेही तुमच्याच अंगणातले. कोणी कोणाला रागवावे आणि कोणी कोणाच्या ताटात जेवावे, याचा हिशेब तिथे कधी राहिला नाही.

यंदा मृगाच्या आधी मोठी चौघे कर्जतकडून, कोंडाणे लेण्यांच्या वाटेने चढून तुमच्याकडे येत आहेत. आम्ही बरोबर नसू. जेवणाचे आणि तंबूंच्या जागेचे पैसे कृपया त्यांच्याकडूनच घ्यावेत, "पोरांकडून काय घ्यायचे" असे म्हणू नये. ते त्यांनी स्वतः साठवलेले आहेत. मामींच्या गुडघ्यासाठी त्यांच्याबरोबर पट्टा पाठवत आहोत. तो फडताळात न ठेवता वापरावा, आणि मापात बसला नाही तर फोन करावा, म्हणजे बदलून देता येईल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
पुण्याची चार बिऱ्हाडे