सुरूच्या रोपांआधी मर्यादवेल लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

5 जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की कोकणातल्या पुळणींवर सुरूची रोपं लावण्याचे बेत ठरू लागतात. हेतू चांगला, झाड मात्र चुकीचं आणि जागा त्याहून चुकीची. सुरूची मुळं वाळूत उथळ पसरतात. उधाणाने बुडाची वाळू ओढली की झाड आडवं होतं आणि मुळांनी धरलेली वाळूही सोबत उपटून काढतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर भागात उन्मळलेले सुरू अनेकांनी पाहिलेत. उभ्या झाडाखालीही सुयांचा असा थर साचतो की वेल नाही, गवत नाही.

पुळणीमागचा वाळूचा उंचवटा ही किनाऱ्याची आगोट, पावसाळ्यासाठी राखलेली बेगमी. पावसाळ्यात लाटा तिथली वाळू ओढून समोर पाण्याखाली दांडा उभा करतात, मोठी लाट त्या दांड्यावर फुटते आणि पावसाळा सरल्यावर तीच वाळू हळूहळू परत येते. उंचवटा सपाट करून दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की ही ये-जा बिघडते. बंधाऱ्यावर आपटून मागे फिरणारी लाट पायथा खणते, पुळण खाली बसते आणि बंधारा संपतो तिथून शेजारच्या वाडीची धूप सुरू होते. मग ती वाडी बंधारा मागते! घरांच्या पायाशी पाणी आलंय तिथे इलाज नसेलही, पण उंचवटा शाबूत आहे तिथे दगड कशाला?

तिथे काम मर्यादवेलीचं, म्हणजे वाळूवर पसरून पेरापेराला मुळं धरणाऱ्या वेलीचं. पाऊस नीट लागला की चार-पाच पेरांचे, हातभर लांबीचे तुकडे घ्यावेत. दोन-तीन पेरं वीतभर खोल पुरावीत, शेंडा वर ठेवावा, दोन तुकड्यांत मीटरभर अंतर. उधाणाने टाकलेल्या काटक्या-कचऱ्याच्या रेषेला लागून लावलेलं पुढच्याच उधाणात जातं, म्हणून तिच्या बरंच वर, समुद्राकडच्या उतारावर लावावं. बियांचं कवच टणक असतं. एक बाजू खरखरीत दगडावर घासून रात्रभर भिजवलं नाही तर त्या महिनोन्महिने तशाच पडून राहतात. जोडीला रावणाच्या मिशा हे वाळूतलं गवत हवंच, धावत्या फांद्यांचे मुळं फुटलेले तुकडे लावून. वाळूत गाडलं गेलं की हे गवत आणखी वर येतं; उंचवट्याला उंची त्यातून मिळते.

वाळू अडवायला वई, म्हणजे कुंपण, घालायची ती फेब्रुवारी ते मे, वाळू कोरडी असताना. बांबूच्या खुंटांना मीटरभर उंचीच्या झावळ्या उभ्या बांधाव्यात, निम्मी जागा मोकळी सोडून. विणलेले झाप लावले की वारा पुरता अडतो, खाली वळतो आणि बुडाशी चर पाडतो. ही चूक सर्रास होते. वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर सलग वई नकोच. वर, तुकड्यातुकड्यांनी आणि मध्ये रुंद वाटा ठेवून घालावी.

माणसांची वाट उंचवट्यावरून सरळ समुद्राकडे नेऊ नये, तिरकी न्यावी. सरळ खिंडीतून वारा आणि उधाणाचं पाणी दोन्ही आत घुसतात. पुळणीवर गाड्या पळवणाऱ्यांबद्दल काय लिहावं! एका फेरीत टायरखाली वेलीची पेरं चिरडतात. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत वाळूचे उंचवटे सर्वाधिक संरक्षणाच्या 1-अ वर्गात आहेत, हे ग्रामपंचायतींनी फलकावर लिहायला हरकत नाही.

उभं सुरूबन तोडा असं म्हणणं नाही. पडलेल्या झाडाच्या जागी मात्र पुन्हा सुरू नको. मागच्या बाजूला उंडी, करंज, केवडा लावावा. तिथे माजलेली घाणेरी आणि रानमोडी ही झुडपं नुसती कापली तर दुप्पट फुटते. पहिल्या पावसानंतर, फुलं येण्याआधी, मुळासकट उपटावी आणि मोकळी जागा त्याच आठवड्यात लावून टाकावी.

सुरूची रोपं मागितली की मिळतात. मर्यादवेल शेजारच्या पुळणीवरूनच आणावी लागेल. ती आणताना तिथला उतार उघडा पडणार नाही इतकीच, जागा बदलत कापावी.

– एक वाचक, दापोली