चाळीस रुपयांची पावती

गिरगाव, मुंबई
रविवार, 5 ऑक्टोबर 2025

लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्या मजल्यावरील, संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पैसे घेतलेस चाळीस आणि काम केलंस तीन आठवडे. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखन केलं, पण इतकं चुकीचं बिल माझ्या हातून कधी गेलं नाही. तू जास्त घेणार नाहीस हे कळलंय, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव मात्र लिहीत नाही. तूच म्हणालास, ‘काकू, नाव लिहिलंत तर अख्खं गिरगाव आपापले सीपीयू घेऊन जिना चढेल.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची सोसायटी चौतीस बिऱ्हाडांची आणि सेक्रेटरी मी. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी, आणि नोटीस व सभा यांच्यामध्ये पूर्ण चौदा दिवस हवेत. सभा ठरली रविवार 28 तारखेला, म्हणजे नोटीस 13 तारखेला सगळ्यांच्या हातात पडायला हवी. एक दिवस उशीर झाला असता तरी दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी उपनिबंधकांकडे अर्ज टाकला असता. त्यांचा अर्ज तयारच असतो, फक्त तारीख घालायची बाकी असते.

यंदा लालबागच्या राजाचं विसर्जन रविवारी रात्रीपर्यंत लांबलं, तोवर आमच्या चौपाटीच्या बाजूला कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं. सोमवारी सकाळी संगणक सुरू करायला गेले तर आतला पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा काळाठिक्कर आणि डब्यातून टिटवीसारखा बीप-बीप आवाज. शेजारच्या इमारतीत दुरुस्तीची कामं करणारे एकजण येऊन गेले. त्यांनी डबा उघडलासुद्धा नाही. कान लावला आणि म्हणाले, ‘मदरबोर्ड गेला. नऊ वर्षं झाली ना, नवीन घ्या. पस्तीस हजारांत बसवून देतो.’ वर विचारलं, ‘काय केलंत तुम्ही?’

हा प्रश्न मला फार लागतो. टाइपरायटरच्या दोन दांड्या एकमेकींत अडकल्या की डोळ्यांना दिसायच्या, बोटाने सोडवायच्या आणि पुढचं अक्षर मारायचं. संगणकाचं तसं नाही. तो बिघडतो तेव्हा काही दाखवत नाही, आणि घरातली लेकरंबाळं धरून सगळे आपल्याच तोंडाकडे बघतात. मी काय करणार? मी बटण दाबलं.

मंगळवारी भाजीच्या मोठ्या पिशवीत सीपीयू घातला आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभी राहिले. तीन टॅक्सीवाल्यांनी ‘ग्रँट रोड’ ऐकताच मान फिरवली, जवळचं भाडं ना! चौथ्याला म्हातारीची दया आली. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. लॉर्ड लॅमिंग्टन गव्हर्नरकी संपवून 1907 साली परत गेला तरी रस्ता अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो.

तुझ्या टेबलावर जागा नव्हती. चार उघडे लॅपटॉप, एक प्रिंटर पोट फाडून ठेवलेला, कोपऱ्यात वडापावचा कागद. मी ‘अहो’ म्हणायला लागले तर तू म्हणालास, ‘काकू, अहो नको, अचानक वय वाढल्यासारखं वाटतं.’ मग झाकणाचे स्क्रू काढलेस, आवाज ऐकलास आणि पहिली गोष्ट काय मागितलीस? खोडरबर! मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. माझ्या पर्समध्ये नातवाचा होता, तो दिला. तू रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काढलीस, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने घासलेस, भुगा फुंकरीने नव्हे तर ब्रशने झटकलास (फुंकर मारू नये, थुंकी उडते, हेही तेव्हाच कळलं), पट्टी परत बसवलीस. बटण. पडदा उजळला. पस्तीस हजारांचा मदरबोर्ड एका मिनिटात जिवंत झाला.

तेवढ्यावर दुसरा कोणी ‘झालं’ म्हणाला असता. तू मला जवळ बोलावून सांगितलंस की, बीप म्हणजे रडणं नसून ती एक भाषा आहे. किती वेळा आणि किती लांब, यावरून आतला कुठला भाग तक्रार करतोय ते कळतं, फक्त प्रत्येक कंपनीची बोली निराळी. आणि आपल्या समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत त्या दातांवर मळ बसतो, त्यात तुमचा काही दोष नाही. हे शेवटचं वाक्य तू सहज बोललास. मी ते टॅक्सीत बसून पुन्हा पुन्हा आठवलं.

त्यात तुझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तारीख होती 1 जानेवारी 2016. ‘काकू, हे किती दिवस?’ मी म्हटलं, चार-पाच महिने. रोज सकाळी तारीख हाताने दुरुस्त करायची, मला वाटायचं जुनं यंत्र आहे, विसरतं. कधी विसरले की बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणायची. मी व्हायरसच्या भीतीने बँकेचे व्यवहारच बंद केले होते आणि पासबुक घेऊन रांगेत उभी राहत होते. तू मदरबोर्डवरची एक रुपयाएवढी बॅटरी नखाने उचकटलीस. सीआर 2032. तिच्या नावातच तिचं माप आहे, 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच तिचं काम. ती मेली की घड्याळ 2016 मध्ये जाऊन बसतं. साइट खरी असल्याच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि 2016 च्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. मग ब्राउझर ओरडणार नाही तर काय करेल?

‘रात्री बोर्डाचं बटण बंद करता का?’ तू विचारलंस. करते! आईची शिस्त, झोपताना घरातली सगळी बटणं बंद. भिंतीतून वीज येत असली की घड्याळ तिच्यावर चालतं, बंद केली की बॅटरीवर. नऊ वर्षं रोज रात्री मी त्या बिचारीला ड्यूटीला लावत होते. चाळीस रुपये ते त्या बॅटरीचे. पावतीवर तू ‘बॅटरी 40’ लिहिलंस आणि मजुरीपुढे आडवी रेघ मारलीस. ती पावती मी सोसायटीच्या फाइलला लावलेली नाही, देवघरातल्या डब्यात ठेवली आहे.

गुरुवारी रात्री साडेनऊला फोन केला तेव्हा तू जेवत होतास. भांड्यांचा आवाज येत होता, तरी उचललास. नोटीस छापत नव्हती. मी ‘प्रिंट’ किती वेळा दाबलं हे तू विचारलंस आणि मी दोन-तीनदा म्हणाले. आज खरं सांगते, एकोणीस वेळा. छपाईच्या रांगेतलं पहिलंच काम अडकलं होतं आणि मागचे सगळे त्याच्या डोक्यावर, चर्चगेट लोकलच्या दारातल्यासारखे. काढून टाका म्हटलं की ‘काढत आहे’ असं तासभर दाखवणार. तू फोनवर ‘सर्व्हिसेस’ उघडायला लावलंस, छपाईची कामं रांगेत लावणारा ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायला लावलंस, त्या स्पूलच्या फोल्डरमधली सगळी कामं पुसून मग स्पूलर परत सुरू करायला लावलंस. रांग मोकळी झाली. प्रिंटर तरीही ‘ऑफलाइन’. समोर टेबलावर हिरवा दिवा लावून बसलाय आणि संगणक म्हणतो, तो घरात नाही!

तिथे मी रडकुंडीला आले होते, हे तुला आवाजावरून कळलं असणार. तू विचारलंस, वीज गेली होती का? विसर्जनाच्या रात्री अर्धा तास गेली होती. मग तू मला समजेल असं सांगितलंस. राउटर बंद होऊन सुरू झाला की घरातल्या प्रत्येक यंत्राला नव्याने नंबर वाटू शकतो. प्रिंटरचं बिऱ्हाड चार नंबरच्या खोलीतून सातमध्ये गेलं, आणि संगणक पोस्टमनसारखा अजून चार नंबरचंच दार ठोठावतोय. राउटरमध्ये शिरून तो नंबर प्रिंटरच्या नावे कायमचा राखून ठेवायला तू मला पंचवीस मिनिटं दिलीस. तुझं जेवण गार झालं. आईला माझ्याकडून क्षमा माग.

शनिवारी सकाळी कागद अडकला, ते फारसं सांगण्यासारखं नाही. पावसाळ्यात उघडं पडलेलं रीम ओलसर होतं, दोन-दोन कागद चिकटून आत जातात आणि लेझरच्या तापलेल्या रुळाखाली गुंडाळी होतात. आता माझं रीम पापडाच्या डब्यात असतं. सूनबाई विचारते, पापड कुठे गेले.

पण जुन्या नोटिशींबद्दल लिहायलाच हवं. उन्हाळ्यात भाच्याने संगणक फॉरमॅट केल्यापासून माझ्या अकरा वर्षांच्या नोटिशी उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. ‘सोसायटी’ लिहिलं होतं तिथे एल के एस एल के, पुढे एक अर्धविराम. मला वाटलं, सगळं गेलं. तू बघितलंस आणि हसलास, ‘काकू, कृतिदेव.’ तो फॉन्ट टाइपरायटरच्या ठेवणीवर बेतलेला, म्हणून माझी बोटं त्यावर सरावलेली. पण फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. फॉन्ट नसला की उघडी पडतात. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात देवनागरीला 1991 पासून स्वतःचे क्रमांक आहेत, हे मला निवृत्त होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तू सगळ्या फाइली बदलून दिल्यास आणि वर युनिकोडचा कळफलक टाइपरायटरच्या ठेवणीतलाच बसवलास, माझ्या बोटांची सवय मोडू नये म्हणून. हे मी मागितलं नव्हतं.

14 ऑक्टोबरला विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबणार, ती पाटी रोज येते. माझा सहाव्या पिढीचा प्रोसेसर 11 च्या यादीत नाही, तिथे आठव्यापासून पुढचेच. तुला एक नवीन संगणक विकायची इतकी सरळ संधी होती! तू मात्र वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून दिलीस, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची, आणि म्हणालास, ‘पुढच्या गणपतीनंतर बघू.’

नोटीस 13 तारखेलाच वाटली गेली. सभा झाली. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हात वर करून उठले, आणि तक्रार केली ती चहा पातळ असल्याची.

दसऱ्याला सीपीयूची पूजा केली. हळदकुंकू बाहेरूनच लावलं, जाळीत जाऊ दिलं नाही. झेंडूचं फूलही जाळीपासून लांब.

आता एक कबूल करते, हे पत्र निव्वळ आभाराचं नाही. इतिवृत्त छापायला घेतलं तर प्रत्येक पानावर काळे ठिपके येतायत, एकाखाली एक. तू सांगितलं होतंस तसं पट्टी लावून मोजलं. दोन ठिपक्यांमध्ये बरोबर साडेसात सेंटिमीटर, तीन पानांवर तेवढंच. म्हणजे प्रिंटरमधला फिरणारा ड्रम ना, त्याच्या प्रत्येक फेरीला एक ठिपका? शनिवारी दुकान किती वाजता उघडतोस ते कळव. येताना करंज्या आणते, आणि या वेळी मजुरीपुढे रेघ मारायची नाही.

तुझी,
ठाकूरद्वारची काकू