न वाचता आलेल्या चिठ्ठीबद्दल आभार

आदरणीय ऑटो लोवी यांस,

स. न. वि. वि.

मज्जातंतू रसायनाच्या मार्फत निरोप पोचवतात हे तुम्ही दाखवलंत, त्यासाठी मिळालेल्या १९३६ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलबद्दल आभार मानणारे पुष्कळ आहेत. आम्ही संशोधन करणाऱ्या मुलामुलींना नोंदी ठेवायला शिकवतो आणि आमच्या उपयोगाला आली ती तुमची फजिती. १९२० साली ईस्टरच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये तुम्हाला जाग आली, पातळ कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडलंत आणि पुन्हा झोपलात. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. अख्खा रविवार त्या चिटोऱ्याशी झटापट करण्यात गेला. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली, तेव्हा मात्र तुम्ही उठून सरळ प्रयोगशाळा गाठलीत. हे सगळं तुम्ही स्वतःच सांगितलंत. मोठी माणसं असल्या गोष्टी सहसा झाकून ठेवतात, म्हणून हे पत्र.

प्रयोग किती साधा! बेडकाची दोन हृदयं रिंगरच्या द्रावणात, म्हणजे हृदय चालू ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात, धडधडत ठेवायची. एकाला व्हेगस हा मेंदूकडून हृदयाकडे येणारा मज्जातंतू जोडलेला, दुसऱ्याला नाही. पहिल्याच्या मज्जातंतूला विजेचे हलके धक्के द्यायचे, की ते हृदय मंदावतं. मग त्यातलं द्रावण काढून दुसऱ्यात घालायचं. दुसऱ्याला कुणी हातही लावलेला नाही, तरी तेही मंदावलं. म्हणजे मज्जातंतूचा निरोप पोचवणारं काहीतरी द्रावणात उतरलं होतं. पुढे कळलं की ते ॲसिटिलकोलीन.

मुलं हे ऐकून म्हणतात, झोपेत सुचलं, नशीब बघा. नशीब कसलं? मज्जातंतू रसायनाने काम करत असतील ही शंका तुमच्या बोलण्यात १९०३ सालीच येऊन गेली होती आणि नंतर विस्मरणात गेली होती. हृदयातून द्रावणात काय उतरतं हे तपासायची पद्धत तुम्ही त्या रात्रीच्या दोनच वर्षं आधी वेगळ्याच कामासाठी बसवली होती. त्या रात्री या दोन जुन्या गोष्टींची गाठ पडली. ट्यूब पेटली खरी, पण वायरिंग आधीच झालेलं होतं. म्हणून आम्ही आधी एवढंच विचारतो: अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवला आहे का? तो नसेल तर रात्री सुचलेलं नेमकं कुठे बसवायचं तेच कळत नाही.

आता चिठ्ठीविषयी, कारण खरी गंमत तिथेच आहे. पातळ कागद नको. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड हवं, म्हणजे मांडीवर, उशीवर कुठेही लिहिता येतं. पेन्सिल टू-बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणारी, घ्यावी. आडवं पडून टोक वर धरलं की बॉलपेनची शाई खाली उतरत नाही आणि पेन दोन शब्दांत रुसतं. अंधारात ओळी एकमेकींवर चढतात, त्यावर उपाय अंगठ्याचा: डावा अंगठा कार्डाच्या कडेला ठेवायचा, त्याच्या शेजारून ओळ सुरू करायची आणि ओळ संपली की अंगठा स्वतःच्या रुंदीएवढा खाली सरकवायचा. डावखुऱ्यांनी उलट करावं. लिहून झालं की दिवा लावून एकदा वाचायचं. झोप मोडते, मोडू द्या. अक्षर लागत नाही हे तिथेच कळलं तर कल्पना अजून डोक्यात असते, सकाळपर्यंत ती गेलेली असते.

आणि लिहायचं काय? तुमच्याच प्रयोगाची चिठ्ठी आम्ही नमुना म्हणून देतो: "प्रश्न: व्हेगस हृदयाला रसायनाने थांबवतो का? करायचं: दोन हृदयं, पहिल्याचा व्हेगस उद्दीपित करून त्यातलं द्रावण दुसऱ्यात. दुसरं मंदावलं तर होय, नाही तर नाही." वर तारीख आणि वेळ. मिनिटभराचं काम. यातली "करायचं" ही ओळ सर्वांत मोलाची आणि नेमकी तीच गळते. लोक लिहितात, "जबरदस्त आयडिया, ते त्याच्यात घालून बघ." काय, कशात? सर्वनामं रात्री स्पष्ट असतात आणि सकाळी परकी होतात. म्हणून दर वेळी नाम लिहायचं, क्रियापद लिहायचं, विशेषणं गाळायची.

फोनवर बोलून ठेवणं चालतं, पण अर्धवट झोपेतला आवाज पुटपुटल्यासारखा येतो, तेव्हा लगेच ऐकून बघावं. उजळलेल्या पडद्यावर आलेले मेसेज वाचायचे नाहीत. स्कूटरवर सुचलं तर गाडी बाजूला घेऊन थांबावं, चालत्या गाडीवर वाऱ्याखेरीज काही रेकॉर्ड होत नाही. आंघोळ करताना सुचलं तर वाक्य मोठ्याने म्हणत राहावं आणि लिहून होईपर्यंत कुणाशी बोलू नये. डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात, "दूध आणलंस का" या एका प्रश्नाने जागा भरते.

तुमची आणखी एक कबुली आम्ही रोज वापरतो. दिवसा नीट विचार केला असता तर हा प्रयोग केलाच नसता, असं तुम्ही म्हणालात. मज्जातंतूने रसायन सोडलंच तर ते जागच्या जागी पुरेल इतकंच असणार, द्रावणात उतरण्याएवढं उरेल कशाला, ही शंका तर्काला धरूनच होती. म्हणून सुचल्याक्षणी कल्पनेची परीक्षा घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी, शक्यतो चोवीस तासांच्या आत, हाताशी आहे त्या सामानात होईल एवढी सर्वांत स्वस्त चाचणी करायची. ती टाळायची मात्र नाही. गणिती आँरी प्वांकारे यांनी बजावून ठेवलं आहे की अंथरुणात अर्धवट झोपेत आलेली खात्री हमखास फसवू शकते.

चाचणी एकदा जमली म्हणजे झालं, असंही नाही. तुमचा प्रयोग इतरांना सहज जमेना. बेडकाच्या त्या मज्जातंतूत हृदय मंद करणारे आणि वेग वाढवणारे असे दोन्ही तंतू असतात, ऋतूप्रमाणे कधी एकाचा जोर तर कधी दुसऱ्याचा. शिवाय ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर (एन्झाइम) गारठ्यात मंद चालतं आणि उबेत झपाट्याने. शेवटी १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकाच हृदयावर तुम्हाला तो अठरा वेळा करून दाखवावा लागला. आमच्या मुलांना निदान तीन वेळा तरी, आणि वेगवेगळ्या दिवशी, करा म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात. तेव्हा हा अठराचा आकडा फार कामी येतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
नोंदवह्या तपासणारे काही शिक्षक